नाक परत आल्याच्या बातमीची दुरुस्ती

जऊळका
१२ जानेवारी २०२३

तीर्थरूप जगदेवकाकांना वैभवीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकूंचा दमा थंडीत कसा आहे ते सविस्तर कळवा. पण त्याआधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईचं नाक परत आलं. ते चूक आहे. आलेलं नाही. (तुम्ही रिठदला पेढे वाटलेत असं कळलं. ते परत मागू नका.) फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग आमच्या घरातलं सगळं तुमच्या अख्ख्या गल्लीला कळतं.

चूक अशी झाली. कोरोनानंतर कुणाच्या शरीरात काय उरलं, यावर संशोधन करणारे डॉक्टर गेल्या महिन्यात शाळेत आले होते. वास गेलेल्यांना डोळे मिटून पाच बाटल्या हुंगायच्या होत्या. कमलीबाईला थोडाफार वास येतो, म्हणून तिचा नंबर पहिला. बाहेर येऊन पदर सारखा करता करता तिनं रांगेला सांगून टाकलं, "लवंग, कापूर, संत्रं, हिंग. अन् पाचवी रिकामी हाय, फसू नका वं बायांनो!" परीक्षेत एकमेकींना सांभाळून घ्यायची आपल्याकडची जुनी रीत. मी तेव्हा नळावर होते, मला हे मागाहून कळलं. सगळ्या बाया पास झाल्या. डॉक्टरीणबाई चकित! आईनं तर पाचवी बाटली हुंगून "ह्याच्यात काईच नाई" असं इतक्या ठसक्यात सांगितलं, की त्यांनी तिची पाठ थोपटली. खरं म्हणजे आईला पाचही रिकाम्याच होत्या.

रविवारी वरण करपलं. मला वास रस्त्यावरून आला, आणि आई चुलीसमोर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मी विचारलं, "आई, डॉक्टरले खोटं काहून सांगतलं?"

"मंग काय सांगू? थे लिवून नेतीन, इचं नाक गेलं थे गेलंच. मंग त्या थैलीचं मी काय करू?"

थैली तुम्ही पाहिलेली नाही. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा शर्ट खुंटीवर राहिला होता. बाबा परत आले नाहीत, आणि त्याच तापात आईचा वास गेला. तिनं तो शर्ट न धुता प्लास्टिकच्या थैलीत घालून गाठी मारून ठेवलाय. "आत्ता सोडली त वास उडून जाईन, अन् मले गवसनारबी नाई. नाक आलं का सोडीन." पावणेदोन वर्षं ती थैली पेटीत आहे.

आता अडचण अशी, की जे नापास झाले त्यांनाच रोज हुंगायचा व्यायाम आणि बाटल्या देतात. काहींचा वास त्यानं परत येतो म्हणे, खात्री नाही. आई पास, म्हणून बाद. शिवाय आपल्या गावाच्या नाकांवरून कुणीतरी कुठंतरी काही भलतंच सिद्ध करील, या विचारानं मला जेवण जात नाही. तुम्ही आणि बाबांनीच मला घरी अक्षरं शिकवताना सांगितलं होतं, चुकलं तर एकच रेघ मारायची, गिरबटायचं नाही. खालचं वाचता आलं पाहिजे.

तुमची,
वैभवी

ता. क. – काका, तुम्ही आणि बाबा जन्मभर एकाच डबीतला तंबाखू मळत आलात, डोक्याला तेलही एकच. आईचं नाक आलं आणि थैलीत नुसता प्लास्टिकचाच वास निघाला तर? तुमचा दोन दिवस अंगात घातलेला एक शर्ट, न धुता, थैलीत बांधून माझ्याकडे पाठवून ठेवा. आईला सांगू नका.

आणखी एक – वरचा ता. क. मी खोडलाय. पण एकाच रेघेनं. तुम्हाला वाचता येईल. डॉक्टर मंगरूळपीरला पुन्हा बसणार आहेत. आईला सकाळच्या एसटीनं घेऊन जाते आणि तिला पाचही बाटल्या रिकाम्याच आहेत हे डॉक्टरांना तिच्यासमोरच सांगते, बुधवारी, अठरा जानेवारीला.