दादांच्या बासचा रंग

इंदापूर,
१२ जानेवारी २०२५

चि. युवराज भावजींस,
अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिले. आज मनात आशीर्वाद नाहीत.

तुमचे फोन मी मुद्दाम उचलत नाही. बोलायला लागले तर तोंडातून काय जाईल याचा भरवसा नाही. कागद निदान पाठवण्याआधी वाचून बघता येतो. हा मी दोनदा वाचलाय, हे ध्यानात ठेवून वाचा.

अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला पाच दिवस पुण्याला होते. परत आल्यावर झाडलोट काढली, कपाटामागची बास गिटारची काळी पेटी ओढली तर हलकी लागली. उघडली तर रिकामी. श्रेया कॉलेजच्या सुट्टीला घरीच होती. विचारलं तर म्हणाली की काकांनी बाबांचा बास रंगवायला नेलाय, तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तिनं तुम्ही पाठवलेला फोटो दाखवला. तुमच्या दारातल्या पेरूच्या झाडाला बास टांगलेला. अंगावर रंग नाही, तारा नाहीत, खुंट्या नाहीत. जत्रेत बकरं सोलून टांगतात तसा.

त्याचा रंग मधे मधासारखा होता आणि कडेला जाता जाता काळा होत जायचा. वरच्या कडेला, जिथं यांचा उजवा हात टेकायचा, तिथला रंग झिजून तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं होतं. पाठीमागं पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते. तुमच्या दृष्टीनं ती खराबी असेल. हे जाऊन सात वर्षं होतील, आणि यांच्या अंगाची तेवढीच खूण माझ्या घरात उरली होती. फोटोत माणसाचा चेहरा राहतो, हात टेकलेला राहत नाही. तुम्ही तो पॉलिश पेपरनं घासून काढलात.

तुमचा छंद तुमच्यापाशी. कॉलेजातल्या पोरांच्या गिटारी रंगवा, स्वतःच्या घराची दारं रंगवा. माझ्या घरातली वस्तू माझ्या पाठीमागं न्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, ते कळवा. बास आहे तसा परत पाठवा. वर एक थेंब रंग नको.

लोभाची गोष्ट या पत्रात काढत नाही.
कौसल्या


बारामती,
१७ जानेवारी २०२५

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हक्क कुणी दिला असं विचारलंत. मी त्यांचा सख्खा भाऊ आहे. ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत तो बास मांडीवर घेऊन मी बसायचो, खड्डा आला तर धक्का मला बसावा, त्याला नको, म्हणून. तेव्हा तुमचं लग्नही झालं नव्हतं.

आता त्याची काय दशा होती ते ऐका. पेटीला कसर लागली होती. तारा गंजून बोटाला लागत होत्या. पुढची प्लेट वाकलेली, वरचं लॅकर तडकून पोपडे धरलेले. मी डेपोतली नोकरी सांभाळून चार रात्री त्यावर घातल्या. गरम हवेच्या मशिननं रंग सैल केला, पत्र्यानं अलगद खरवडला, मग ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेचाळीस. लाकडाच्या रेषेच्या बाजूनंच हात फिरवला, आडवा एकदाही नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून मधासारखा पिवळा, तपकिरी आणि काळा असे तीन रंग जुळवून आणलेत. दादांनी घेतला तेव्हा होता तसा तो मला करायचा होता. दांडीच्या मागच्या बाजूला कुणीतरी तापलेल्या खिळ्यानं सात भोकं पाडून ठेवली होती. तुमच्याकडं अंगणवाडीची पोरं येतात, त्यातल्याच कुणाचा तरी उद्योग असणार. तीसुद्धा मी भुसा आणि गोंद घालून बुजवली, घासून एकसारखी केली. आता बोट फिरवलं तरी कळत नाही.

तुम्ही रागावलात, म्हणून मीही एकवीस वर्षं पोटात ठेवलेलं लिहितो. दादांच्या हाताची खूण मी पुसली म्हणता. पण दादांचा हात थांबवला कुणी? भिगवणपासून नीरेपर्यंत लोक त्यांना ओळखायचे. दोन हजार चार साली हिंदुरावांच्या ऑर्केस्ट्रातून ते एकाएकी बाहेर पडले, इंदापूरला दूध संकलन केंद्रावर कॅन मोजत बसले. हिंदुराव घरी आले तेव्हा माझ्यासमोर त्यांनी सांगितलं की कौसल्येला आवडत नाही, मूल लहान आहे, तिनं शपथ घातलीय. आई आजही तेच सांगते. ज्या बाईनं वाजवणं बंद केलं तिनं आता रंगासाठी रडावं, हे मला पटत नाही.

पुरा करूनच परत आणून देईन. रागावलात तरी वडीलकीचा मान मी सोडलेला नाही, एवढं असू द्यावं.

आपला,
युवराज


इंदापूर,
२२ जानेवारी २०२५

चि. युवराज भावजींस,
आशीर्वाद.

भोकं बुजवलीत, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि अंगणवाडीला निघून गेले. दिवसभर पोरांना खिचडी वाढली, वजनं घेतली. घरी येऊन पुन्हा वाचलं. तेच लिहिलेलं होतं.

ती भोकं पोरांनी पाडली नाहीत. तुमच्या दादांनी पाडली, आमच्या चुलीवर खिळा तापवून. मी शेजारी बसले होते.

आता सगळं सांगते. सोमेश्वरनगरला एका लग्नात कार्यक्रम होता. मधेच हिंदुरावांनी यांना खुणावलं, की हाताकडं बघा. डाव्या हाताची करंगळी तारेनं कापून रक्त गळत होतं, बासवर ओघळ आले होते, आणि यांना पत्ता नव्हता. घरी येऊन हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्याआधी दोन महिने चहाचं गरम पातेलं त्यांनी असंच धरून ठेवलेलं मी पाहिलं होतं. कोपराच्या वर फिकट चट्टा होता, त्याला आम्ही सुरमं, कातडीचा साधा डाग, समजत होतो.

मी हट्टानं सरकारी दवाखान्यात नेलं. तो कुष्ठरोग निघाला. डॉक्टर चांगले होते, नंतर मला आत बोलावून म्हणाले की गोळ्यांनी पुरता बरा होतो, कुणाला लागणार नाही, फक्त जी नस गेली ती परत येईल असं सांगता येत नाही. माझी आणि श्रेयाची तपासणी झाली, आम्हाला काही नव्हतं. बारा महिने यांनी गोळ्या घेतल्या. रोग गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वाकडंच राहिलं. कॅननं चेंगरली असं तुम्हाला सांगितलं होतं, आठवत असेल.

दवाखान्यातून येताना हे एसटीत म्हणाले की ऑर्केस्ट्रा सोडतो, पण कारण तुझ्यावर घालतो. रोगाचं नाव निघालं तर आई दारात उभी करणार नाही, युवराजला मुलगी मिळणार नाही, उद्या श्रेयालाही कुणी करणार नाही. मी म्हणाले, घाला. मी तेवीस वर्षांची होते. गोळ्या संपेपर्यंत असं मला वाटलं होतं. मी एका वर्षासाठी हो म्हणाले होते, भावजी.

गोळ्या संपल्या. तोवर तुमच्या घरात ते खरं होऊन बसलं होतं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आई पंगतीत सांगायच्या की हिनं माझ्या लेकाचे हात बांधले. हे तिथंच बसलेले असायचे, मान खाली घालून भाकरी कुस्करत. एकदाही तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर माझी माफी मागायचे आणि पुढच्या लग्नात पुन्हा गप्प. दहाव्याला घाटावर आई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या की वाजवायचं बंद झालं तवाच माजं लेकरू मेलं हुतं, आता निस्तं जाळलं. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती नजर मी विसरले नाही.

आणि वाजवणं बंद नव्हतं. तारेवरच्या बोटांना कळत नव्हतं म्हणून दांडीच्या मागं, अंगठा फिरतो तिथं, त्यांनी खिळ्यानं खळगे केले. अंगठा शाबूत होता. हात कुठवर आलाय ते अंगठा सांगायचा. दुपारी केंद्रावरून आले की दार लावून, अँप्लिफायर न लावता, ते दोन बोटांनी वाजवायचे. तेरा वर्षं वाजवलं. ऐकणारी मी एकटी होते.

ते खळगे तुम्ही भुसा घालून बुजवलेत, आणि बोट फिरवलं तरी कळत नाही म्हणून मला कौतुकानं कळवलंत.

श्रेयाला मी काल सांगितलं. नर्सिंगला असल्यानं ती रोगाला घाबरली नाही, माझ्यावर मात्र चिडली, की इतकी वर्षं कशासाठी सोसलंस. आता तुम्ही आईंना सांगा, नाहीतर सांगू नका. माझ्यानं यापुढं हे ओझं वाहवत नाही.

उत्तराची घाई नाही.
कौसल्या


बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

अठरा दिवस लिहिता आलं नाही. माफी मागण्याचं वाक्य चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. तुमच्या एकवीस वर्षांपुढं ते फार लहान दिसत होतं.

पहिल्याच दिवशी दांडी घेऊन बसलो. दोन मिलिमीटरच्या ड्रिलनं एक भोक उकरलं. स्वच्छ, गोल, नवं कोरं निघालं. दादांचं कडेनं करपलेलं होतं, थोडं तिरकं. तसं माझ्यानं होणार नाही. खोटं करून तुम्हाला फसवावं हेही मनाला पटेना, म्हणून उरलेल्या सहांना हात लावला नाही. आणलेले तिन्ही रंग दुकानात परत देऊन आलो.

मला दादांचा फार राग आलाय. मेलेल्या माणसाचा राग कुठं काढायचा ते कळत नाही. मला मुलगी मिळणार नाही म्हणून गप्प बसले म्हणता, मला एकदा विचारायचं होतं. आणि तुमचाही आलाय, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मला तुमचा द्वेष करू दिलात. श्रेया आजारी होऊन बारामतीच्या दवाखान्यात होती तेव्हा मी त्याच्या फाटकापर्यंत आलो आणि तुम्ही आत आहात म्हणून परत फिरलो. हे मला आयुष्यभर आठवणार, आणि त्यात माझी चूक किती आणि तुमच्या दोघांच्या गुपिताची किती, याची वाटणी मला करता येत नाही.

मागच्या रविवारी गावी कऱ्हाटीला गेलो. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तुमचं पत्र तिला सगळं वाचून दाखवलं, घाटावरचं बोलणंही गाळलं नाही. ती शेंगा फोडतच राहिली. मग विचारलं की गोळ्या कुठल्या रंगाच्या हुत्या. मला माहीत नव्हतं. मग म्हणाली की माझ्या माहेरी आत्याला रक्तपिती झाली हुती, तिला रानात खोपीत ठेवली, भाकरी लांबनं टाकायचे, मी बी टाकलीय. मी म्हणालो की आता दिवस बदललेत. त्यावर ती म्हणाली, न्हाय बाबा, नागेशनं मला तवा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते माजं मलाच ठाव न्हाय. त्येला ठाव हुतं, म्हून त्यो बोलला न्हाय.

त्यानंतर ती जेवली नाही. तुमच्याबद्दल विचारलं तर मला उठून जायला सांगितलं.

बास उघडा आहे. लाकूड हवा खाऊन काळवंडेल, ओल धरेल, वर काहीतरी लावावं लागेल. पण आता तुमच्या शब्दाशिवाय ब्रश उचलणार नाही.

आपल्या रागाला पात्र,
युवराज


इंदापूर,
२ मार्च २०२५

चि. युवराज भावजींस,
आशीर्वाद. या वेळी मनापासून लिहिलाय.

आई गेल्या सोमवारी इथं आल्या. तुम्हाला न सांगता, बारामतीला गाडी बदलून, एकट्या. हातात शेंगांची पिशवी होती. शेजारच्या कुशाबाईंनी स्टँडवर बघितलं म्हणून घर सापडलं, कारण इतक्या वर्षांत त्या माझ्या घरी दोनदाच आलेल्या.

मी पाणी दिलं आणि सगळं बोलले. वय बघितलं नाही, कुशाबाई दारात उभ्या होत्या तेही बघितलं नाही. पंगतीतला एकेक शब्द त्यांना परत दिला. तास गेला असेल. त्यांनी एकदाही अडवलं नाही, रडल्याही नाहीत. माझं संपल्यावर विचारलं की नागेश कुठं बसून वाजवायचा. मी खिडकीखालची जागा दाखवली. तिथं त्या पाठ टेकून बसल्या. माफी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली नसती, हेही तुम्हाला सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी माझ्यामागं अंगणवाडीत आल्या. बाळांच्या वजनाचा दिवस होता, पंधरा-वीस आया जमल्या होत्या. कुणीतरी विचारलं की आजी कोण. आईंनी मोठ्यानं सांगितलं की मी हिची सासू. माझ्या लेकाला रक्तपिती झाली हुती, हिनं दवाखान्यात नेऊन गोळ्या दिल्या, त्यो बरा झाला. मी मात्र हिला जल्मभर नावं ठेवली, वाजवायचं हिनं बंद केलं म्हून. ते खोटं हुतं. एवढं सांगून त्या एका बाळाला अंगडं घालायला लागल्या. दोन बायका आपली पोरं उचलून लगेच गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत. त्यांच्या घरी मी उद्या जाणार आहे.

आई तीन दिवस राहून गेल्या. माझा राग गेलेला नाही. तो त्यांच्यावर आहे, तुमच्यावर आहे, सगळ्यात जास्त यांच्यावर आहे. पण आता तो मी मोठ्यानं बोलू शकते, त्यामुळं झोप लागते.

बासवर रंग नको. नुसतं बिनरंगाचं लॅकर द्या, पातळ. श्रेया म्हणते की ती शिकणार. ड्रिलनं पाडलेलं भोक राहू द्या, बुजवलेलीही राहू द्या. झालं ते झालं, असं मी म्हणणार नाही. झालं ते दिसू द्या.

आणखी एक. त्या दिवशी सगळ्या बायका गेल्यावर एक जण मागं थांबली. नाव लिहीत नाही. पदर सारून तिनं दंडावरचा चट्टा दाखवला, म्हणाली की टाचणी टोचली तरी कळत नाही, घरी कुणाला सांगितलेलं नाही. शुक्रवारी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर कापूस फिरवला. ती नुसती वाट बघत बसली, कापूस कधी लागतोय म्हणून. मी तिचा दुसरा हात धरून ठेवला होता. आणि भावजी, तेव्हा मला यांचा इतका राग आला. यांनी स्वतःच्या तपासणीच्या वेळी मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं.

लोभ किती उरलाय ते बास आणाल तेव्हा बघू. आणा मात्र.

तुमची,
कौसल्यावहिनी