ढील दे मले

परतवाडा,
२९ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. आम्ही सुखरूप आहोत, आईला आधी तेवढं सांग. पोस्टातल्या माणसाला फोन सोडून पत्र लिहिते म्हणून हसशील. पण फोनवर कड्याचा विषय निघाला की तू दर्यापूरची थंडी सांगत बसतोस. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

माझी चढाईतली जोडीदार तहरीम आणि मी तिच्या गाडीने शुक्रवारी अकोल्याहून निघालो. तीन दिवसांत चिखलदऱ्याच्या बाजूचे दोन कडे चढायचे ठरले होते. अकोटच्या पुढे अवकाळीने गाठलं. घाटात तर गारा लागल्या. टपावर असा आवाज की शेजारी बसलेली तहरीम काय बोलते ते ओठांवरून ओळखावं लागे. मग मनकर्णाबाईंच्या चहाच्या टपरीत दीड दिवस काढला. भाकर, ठेचा, आणि आमचा भिजलेला दोर त्यांच्या पडवीभर पसरलेला. मी सारखी बाहेर डोकावायची. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, खडक काई पयून नाही जाऊन राहिला. बस मुकाट्यानं."

आज उघडलं. वाऱ्याने दुपारपर्यंत कातळ वाळला. तहरीम पुढे चढली, मी खाली दोर धरून. ती निम्म्यावर असताना दरीतून धुकं उठलं नि ती दिसेनाशी झाली. माझ्या हातातला दोर वर जाऊन धुक्यात संपत होता. तेवढ्यात वरून ऐकू आलं, "...ले."

दादा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते आता लिहिते.

सहा वर्षांपूर्वी तू वर होतास, मी खाली. ‘ले’ म्हणजे दोर ताण, हा आपल्याला शिकवणाऱ्या ओमप्रकाश सरांचा हिंदी शब्द. त्या दिवशीही वारा होता. मला ‘ले’ ऐकू आलं, मी जोरात ओढलं, नि तू कोसळलास. दवाखान्यात तू म्हणालास, "ढील दे मले म्हटलं, अन् पाय सटकला." तेव्हा मला कळलं. बाकीचं वाऱ्याने नेलं होतं, शेपूट तेवढं माझ्यापर्यंत आलं. ‘मला’ला ‘मले’ म्हणणाऱ्या वऱ्हाडात जन्मून ‘ले’चा अर्थ ‘ताण’ धरून चालणारे आपण दोघं दीडशहाणे.

तुझा पाय सटकला नव्हता. मी ओढलं होतं.

घोटा जुळला, पण पायावरचा तुझा भरवसा गेला, आणि मी तो जाऊ दिला. आईने तुझे चढायचे बूट देऊन टाकले तेव्हाही मी गप्प बसले.

आजही हात तसाच ओढायला निघाला. थांबवला. निघतानाच मी तहरीमला बजावलं होतं, दिसेनासं झालं की बोलणं बंद. दोन हिसके म्हणजे ढील, तीन म्हणजे ताण. का, ते सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने दोन हिसके आले. मी ढील दिली. नंतर विचारलं तर सवयीने तीही तेच ओरडली होती: "ढील दे मले."

मागोमाग मी वर पोचले. तिथे जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. ऊन पाठीशी, दरी काठोकाठ धुक्याने भरलेली, आणि त्या धुक्यावर माझी सावली. तिच्या डोक्याभोवती सात रंगांचं गोल कडं. इंद्रवज्र. तू सांगायचास, मला थाप वाटायची. तहरीम म्हणे कडं तिच्या डोक्याभोवती आहे, मला तर माझ्याच भोवती दिसत होतं. मी हात वर केला, सावलीने तो त्या रंगांतून वर नेला. मला रडू आलं. एवढं मोठं काही समोर असताना ते खोटं घेऊन उभं राहवेना. गेल्या सहा वर्षांत तू हे कितीदा पाहिलं असतंस.

रागाव, तुझा हक्क आहे. फक्त पायावर रागावू नकोस, त्याची चूक नव्हती. दोर पुन्हा वाळत घातलाय. तू आलास तर खाली मी उभी राहायची की तहरीमने, ते तूच ठरव. तोवर मी ओढणार नाही.

दोन हिसक्यांची वाट पाहणारी,
नीलम