फेरनमुना

२ मार्च
धाकटीच्या गल्लीतला पाण्याचा नमुना नापास. जंतू मोजवत नाहीत इतके! साहेब म्हणाले, "फेरनमुना घ्या. तोही नापास झाला तर नियमाने लाईन बंद. अख्खा वॉर्ड माझ्या डोक्यावर बसेल." मग हळूच — "बघा, काही जमतं का."
नाही जमवणार.
तणतणतच बाटल्या तयार केल्या. नमुनेवाले काका म्हणाले, "मॅडम, बाटलीने काय घोडं मारलंय?"

३ मार्च
काकांनी नमुना आणला. म्हणे नियमाप्रमाणे जंतू मारायला नळाचं तोंड शेकलं, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं. "काडेपेटी सरकारी, बिडी माझी!"
धाकटीचा फोन. "ताई, पाण्याला वास येतोय गं. उकळू?" सातवा महिना तिला. म्हटलं, निकाल येईपर्यंत उकळ.

५ मार्च
पास! एकही जंतू नाही. काहीही न जमवता. सही केली — पिण्यास योग्य. साहेबांसमोर कागद ठेवताना मान ताठ होती.
धाकटीला कळवलं, आता उकळू नकोस. "तू म्हणतेस ना? मग झालं."

८ एप्रिल
धाकटीचे डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात ही कावीळ वाईट. त्या गल्लीतले आणखी एकोणीस जण दवाखान्यात.

१० एप्रिल
नमुना त्या नळाचा नव्हताच. दुसरं काय असणार? बाटली मी स्वतः तयार केलेली. माझी पद्धत ठरलेली — आत क्लोरीन मारणारी चिमूटभर पूड, लगेच झाकणावर लाल शाईचा ठिपका. पूड नसेल तर पाण्यातलं क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत घाण पाणी स्वच्छ! म्हणून ठिपक्याशिवाय बाटली बाहेर जात नाही.
काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी कुठून भरलंत?" ते म्हणाले, "बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, मॅडम."
साहेबांना लेखी दिलं. संध्याकाळी काका निलंबित.

१३ एप्रिल
बाळ गेलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून आहे. तिचा नवरा म्हणाला, "ज्याने हे केलं त्याला सोडू नका, ताई."

१६ एप्रिल
उद्या चौकशी. तपासनिसांना दाखवायला फेरनमुन्याची बाटली कपाटातून काढली.
झाकण कोरं.
खोलीत मी एकटीच आहे. लाल शाई समोर आहे.