गूळ घातलेला बटरस्कॉच

आत्ती,

आज पुन्हा बटरस्कॉच केक केला आणि पुन्हा तुमचाच राग आला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, मी बँकेतून निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण आडवे थर कापायला केकभोवती दोरा गुंडाळला की त्याचं दुसरं टोक धरायला कुणी नाही याची चीड येतेच. सासू म्हणून तुम्ही मला बाकी किती उपयोगी पडलात यावर वाद होऊ शकतो, दोऱ्यापुरत्या मात्र तुम्ही लागत होता. परवा लेकीच्या घरी दुकानातला बटरस्कॉच आणला होता. पिवळा रंग, बाटलीतला वास आणि वर दाताखाली खड्यासारखे लागणारे साखरेचे तुकडे. मी एक घास खाल्ला आणि म्हणाले, ज्याने केलाय त्याला समोर बसवून हा खायला घाला. जावई हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

आपला पहिला केक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. लेकीने शाहूपुरीत कुठेतरी बटरस्कॉच आइस्क्रीम खाल्लं आणि वाढदिवसाला त्याच चवीचा, थराथरांचा केक मागितला. मी घरी करते म्हणाले. लगेच तुम्ही शिवाजी पेठेतल्या आपल्या गल्लीत घरोघरी सांगून आलात, "आमची मडम घरात केक करणार हाय. या समदी बघायला." खायला नाही, बघायला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलेला साधा स्पंज एवढीच माझी पुंजी, आणि संध्याकाळी अख्खी गल्ली दारात येणार. मी गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन काढला, मैदा चाळला आणि अंडी फोडायला घेतली, तर तुम्ही उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अंड्याचं गोड?"

"केकमध्ये घालतात, आत्ती."

"अंड्याला मीठ-मिरची लागती की गं. गोडात अंडं कोण घालतंय? उद्या शिऱ्यात बोंबील घालशील."

दर रविवारी तांबड्या रश्श्यावरची तर्री मोठ्या वाडग्यात स्वतःकडे ओढणारी बाई मला हे सांगत होती. अंड्याला तुमची हरकत नव्हती, अंडं आणि साखर एकत्र नांदण्याला होती. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण इंग्रजीत.

स्पंज छान फुगला. मग बटरस्कॉचची पाळी. साखर कढईत सोनेरी होईपर्यंत वितळवायची, त्यात लोणी आणि वर साय घालायची. साखर रंगावर येत होती, तेवढ्यात शेजारीण फुगे घेऊन आली म्हणून मी दारात गेले. परत आले, लोणी घातलं, साय ओतली आणि ढवळते तर कढईत पिवळ्या पाण्यावर पांढऱ्या गाठी तरंगायला लागल्या. साय फाटली होती. शेजारी गुळाची ढेप उघडी, तिचा एक कोपरा गायब आणि तुमच्या बोटाला गूळ.

"आत्ती, गूळ टाकलात?"

"टाकला. नुसत्या साखरेला काय चव हाय? माझ्या भावाच्या गुऱ्हाळातला गूळ घरात आसताना साखर जाळत बसलीस."

"अहो, सगळं नासलं."

"नासणारच की. एवढी शिकलीस, गुळात दूध फाटतंय ठाऊक न्हाय?"

"गूळ तुम्ही टाकलात!"

"व्हय, गूळ मी टाकला. साय कुणी वतली?"

मी ओट्याला पाठ टेकवून उभी राहिले. लेक दारातून आपल्याकडे बघत होती, तिचा नवा फ्रॉक अंगात आणि ओठ रडायच्या बेतात. तिच्याकडे बघून तुम्ही कढई मोरीत ठेवलीत, दुसरी चढवलीत, गूळ आणि काजू घेऊन चिक्की लाटलीत आणि खलबत्त्यात अशी कुटलीत की फडताळातली भांडी वाजली. मी बर्फावर पातेलं ठेवून उरलेली साय साखर घालून फेटली. शेवटी दोऱ्याचं एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या. "वडू नगंस, तिरका जाईल." "मी नाही, तुम्ही ओढताय." असे भांडत आपण तीन थर केले. साय, चिक्की, साय, चिक्की.

गल्ली आली, खाऊन गेली, दोघींनी कृती विचारली. लेकीने तर ताट चाटलं. तुम्ही दोन तुकडे खाल्लेत आणि म्हणालात, "नुस्ती हवा हाय. चिक्की तेवढी खाण्यासारखी."

पुढे दर वर्षी तेच. चिक्की तुमची, बाकी माझं, दोरा दोघींचा. केक चांगला झालाय हे शब्द काही तुमच्या तोंडातून निघाले नाहीत. मी काही वर्षं वाट पाहिली, मग एकदा सरळ विचारलं. "बरा झालाय म्हणायला काय जातं तुमचं?" तुम्ही बशी पुसून खात होता. "खातोय न्हवं? मग?" बँकेत माझ्या एका नजरेने माणसं रांगेत उभी राहायची, आणि घरी मी एका शब्दासाठी तुमच्या बशीकडे बघत बसायची. याचा मला आजही संताप येतो.

तुम्ही गेलात तेही लेकीचा वाढदिवस होऊन चार दिवस झाल्यावर. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर तुमच्या आवडीचं सगळं मांडलं होतं, पुरणपोळी, जयसिंगपूरचं भडंग, चहासुद्धा. कावळा शिवेना. झाडावर ओळीने बसलेले, एक खाली उतरेल तर शपथ. तुमच्या मुलाने हात जोडून नातीला शिकवायचं, घर सांभाळायचं कबूल केलं. काही नाही. ऊन चढलं. तेव्हा लेक म्हणाली, "आई, फ्रीजमध्ये आजीचा डबा आहे." तुम्हीच ठेवला होतात, वाढदिवसाचा शेवटचा तुकडा, माझ्यापासून लपवून. तुमचे दीर म्हणाले, "अंडं हाय त्यात, इथं कसं चालंल?" तुमचा मुलगा म्हणाला, "तिला चालायचं," आणि स्कूटर काढून डबा घेऊन आला.

केक ठेवून मागे सरले नाही तोच एक कावळा उतरला. "शिवला, शिवला," करत सगळे सुटल्यासारखे उठले. जवळ होते ती मीच, म्हणून नीट पाहिलं ते मीच. त्याने मान वाकडी करून केक बघितला, वरच्या चिक्कीचे तुकडे एकेक करून टिपले आणि उडून गेला. केकला चोचसुद्धा लावली नाही. मी पदर तोंडावर धरला. बायकांना वाटलं सून रडतेय. तुमचे दीरसुद्धा त्या दिवशी माझ्याबद्दल बरं बोलले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. कावळ्याने अख्खा तुकडा नेला असं मी घरी आल्यावर सांगितलं, आणि आजवर तेच सांगत आलेय, लेकीलासुद्धा. आज मात्र एक तुकडा गच्चीच्या कठड्यावर ठेवलाय, चिक्की न घालता. मघापासून दोनदा जाऊन बघून आले.