तापलेल्या रोल्यावरचं पाणी

माय,

दादा गेल्यावर साखरखेर्ड्याची डाळगिरणी तूच चालवलीस, आणि दर दसऱ्यानंतर तिचा डाळ भरडणारा रोला बिघडायचा. लोखंडी रोल्यावर बसवलेल्या कुरुंदाच्या दगडी थराचे टवके निघायचे, मुगाच्या डाळीत खडे यायचे. तू थर बसवणाऱ्या कारागिराला शिव्या द्यायचीस. खंडेनवमीला मात्र सकाळची पाळी संपवून, रोला तापलेला असतानाच, विहिरीच्या पाण्याची घागर त्यावर ओतायचीस. दादा गेले तेव्हापासून कुंकू मुकादमाची बायको लावायची, पाणी तुझं.

त्या वर्षी थर नवा होता. अंगणात गावोगावचा मूग पडलेला. थर पुन्हा फुटला असता तर हंगाम हातचा गेला असता. मी कॉलेजातून घरी आलेली. तुझ्या हातात घागर पाहिली आणि पोत्यांवर चढून बोलू लागले. गार पाण्याने वरचा थर एकदम आकसतो, आतलं लोखंड मात्र फुगलेलंच राहतं, म्हणून थराला चिरा पडतात. रोला आपोआप निवू द्या, मग खुशाल धुवा. तेवढ्यावर थांबले नाही. पूजा करकरून आपणच आपली गिरणी मोडतो, असंही म्हणाले.

"मंग देवीले काय सांगू?" तू विचारतेस. "थांब जराशी म्हनू?"

हमाल हसतात. मुकादम म्हणतो, "ताई, नवमी आज हाये. ते का रोल्याले इचारून येते?"

मी आणखी मोठ्याने बोलते. तू माझ्याकडे पाहत राहतेस, मग घागर खाली ठेवतेस. "निवू द्या त्याले. पूजा संध्याकाळी."

संध्याकाळी तू ताप पाहावा तसा उलटा हात रोल्याला लावलास आणि मगच पाणी घातलंस. पुढे रोज सकाळी रोला हळूहळू तापावा म्हणून आधी रिकामा फिरायचा, मग थोडा थोडा मूग. त्या हंगामात एक टवका निघाला नाही.

हंगाम सरल्यावर तू भाकरी थापत असताना मी विचारलं, "तव्हा पटलं होतं ना तुले?"

"कायचं पटते, बाई. तुहा आवाज फाटून राह्यला होता, समदे हसून राह्यले होते. मले पाहवलं नाही."

हा प्रसंग मी कितीतरी सभांत सांगितला. साध्या भाषेत सांगितलं की माणसाला पटतं, आणि पटलं की रूढीही बदलते, असं मी त्यावरून म्हणते. ते मला आजही खरं वाटतं. तुझं चुलीपाशीचं उत्तर तेवढं सांगत नाही. परवा बुलढाण्याला सभा आहे. तिथेही सांगणार नाही.