फळ्यावरचं दुसरं नाव

सिस्टर,

शुक्रवार, सोळा जुलै एकोणीसशे एकाहत्तर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. इयत्ता सातवी ब, जिन्याजवळचा वर्ग. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण घड्याळ फळ्याच्या वरच होतं आणि फळ्यापुढे मी उभी होते, मॉनिटरचा निळा बिल्ला लावून. तुम्ही ऑफिसात गेलात की जी बोलेल तिचं नाव फळ्यावर लिहायचं, मराठीत बोलली तर नावापुढे मराठीचा 'एम' काढायचा, हे काम तुम्हीच मला दिलेलं. त्या दिवशी फळ्यावर दोन नावं होती. पहिलं, जिच्या वडिलांनी शाळेच्या हॉलला पंखे दिले होते तिचं. दुसरं, शाळेच्या शिपायाच्या मुलीचं, पुढे 'एम'. तुम्ही आत आलात, चष्म्यावरून फळ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पहिलं नाव पूस." मी म्हटलं, "सिस्टर, ती खरंच बोलत होती. तीन वेळा बोलली." तुम्ही म्हणालात, "न्यायाचं देव बघेल. तू फळा बघ." मी डस्टर घेतलं आणि पुसलं. दुसऱ्या मुलीला तुम्ही खाली ऑफिसच्या व्हरांड्यात, घंटेजवळ उभं केलंत. साडेअकराला तिचे वडील घंटा द्यायला आले. मी वरच्या कठड्यावरून बघत होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, घंटा दिली आणि गेले.

हे मी मराठीत लिहितेय, आणि मुद्दाम. माझ्या नावापुढे 'एम' काढायला आता तुम्ही नाही. कळत नाही असंही म्हणू नका. तुम्ही गोव्याच्या, आणि मंडईत भेंडी निवडताना भाजीवालीशी किती सफाईने मराठीत हुज्जत घालायचात ते मी आईबरोबर असताना स्वतः ऐकलं आहे. इंग्रजीत तुम्हांला नुसतं 'यू' म्हणून भागायचं. मराठीत रागावून लिहितानाही 'तुम्ही' सुटत नाही, ही एक वेगळीच चीड.

ते पुसलेलं नाव मी पन्नास वर्षं सोबत बाळगलं. मी वकील का झाले असं कोणी विचारलं, की मी हीच गोष्ट सांगायची. लग्न होऊन इथे अमेरिकेत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून कायदा शिकले, मुलीला पाळणाघरात ठेवून परीक्षा दिल्या आणि फेडरल प्रॉसिक्युटर झाले, म्हणजे इथल्या केंद्र सरकारची फौजदारी वकील. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "म्हणजे सरकारी वकीलच ना? आमच्याकडे ज्यांची प्रॅक्टिस चालत नाही ते होतात." पहिल्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, कोण हजर आहे. उठून आपलं नाव सांगायचं आणि पुढे म्हणायचं, 'फॉर द युनायटेड स्टेट्स.' माझ्या नावाशी ते दोनदा अडखळले, पुढच्या शब्दांशी नाही. मला इतकं बरं वाटलं होतं की मी ते तुम्हांला पत्राने कळवलं. तुमचं उलट पोस्टकार्ड आलं, तुमच्या त्या तिरक्या, टोकदार अक्षरात, दोन ओळींचं. 'नावं लिहिण्यात तू पहिल्यापासून हुशार होतीस. देव तुझं भलं करो.' वर्षभरात तुम्ही गेल्याचं कळलं. ते कार्ड मी ऑफिसच्या भिंतीवर टाचणीने लावलं, आणि नोकरी संपेपर्यंत ते तिथेच होतं.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे कोर्टात बोट रोखून भाषण करणं. बरीचशी नोकरी मी बिनखिडकीच्या खोलीत बसून काढली, समोर एक घाबरलेला माणूस, त्याच्या बाजूला त्याचा वकील, माझ्या बाजूला तपास अधिकारी, मध्ये पाण्याच्या बाटल्या. पकडला जातो तो नेहमी सगळ्यांत खालचा. माल गाडीत ज्याने ठेवायला लावला तो नाही, गाडी चालवणारा. काही गुन्ह्यांना इथे किमान शिक्षा ठरलेली आहे, न्यायाधीशालासुद्धा त्याखाली जाता येत नाही. जाता येतं ते एकाच वाटेने. आरोपीने वरच्यांची नावं सांगितली आणि सरकारी वकिलाने तसा अर्ज केला, तर. तो अर्ज फक्त आम्हीच करू शकतो. म्हणजे मी त्या माणसाला म्हणायची, बोल. तू बोललास तर मी न्यायाधीशांना सांगेन. हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेल कोण जाणे, आणि सिस्टर, मी ते पाळत आले होते.

शेवटच्या वर्षी एक ट्रक ड्रायव्हर होता. चाळिशीचा, जाड बोटांचा, प्रत्येक उत्तराआधी 'मॅम' म्हणणारा. ट्रकच्या तळाशी अमली गोळ्यांची खोकी सापडली होती. दहा वर्षं किमान. पहिल्या दोन बैठकांत तो काहीच बोलला नाही. मी त्याला मुलीबद्दल विचारलं, ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला, "मॅम, मी बोललो तर तुम्ही जजला सांगाल? तुम्ही स्वतः?" मी म्हटलं, "मी स्वतः." मग तो चार तास बोलला. ट्रक कंपनीच्या मालकाचं नाव, गोदामं, खेपा, कोण कुठे चावी ठेवायचं. आम्ही पडताळून पाहिलं, एकही गोष्ट खोटी निघाली नाही. मालकावर खटला उभा राहिला. मालक म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, हॉस्पिटलच्या कोनशिलेवर नाव असलेला.

आणि मग तो मंगळवार, सकाळचे नऊ चाळीस. ही वेळही मी विसरणार नाही. आमचे साहेब, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, दारात उभे राहिले. ते आत आले नाहीत, चौकटीला टेकून राहिले, तेव्हाच मला कळलं.

"मालकाची केस आपण काढून घेतोय," ते म्हणाले.

"आपण म्हणजे कोण? मी तर घेत नाहीये."

"वरून आलंय."

"वर म्हणजे कुठे? छतात?"

"प्लीज. तुमची सही हवी आहे अर्जावर."

"कारण काय लिहायचं?"

"न्यायाच्या हितासाठी."

मी हसले. मी म्हटलं, मला हे एका नन्सच्या शाळेत सातवीत सांगून झालंय, फक्त तिथे देवाचं नाव घेतलं होतं. त्यांना ते कळलं नाही. मी सही केली नाही. मीच शिकवून तयार केलेल्या एका मुलाने केली, घर नुकतंच घेतलं होतं बिचाऱ्याने, आणि मी त्याच दिवशी निवृत्तीचा अर्ज दिला. निरोपाला केक होता. मी भाषणात तुमची ती फळ्याची गोष्ट सांगितली, पहिलं नाव पुसल्याची, आणि दोन जणी रडल्या. मग मी तुमचं कार्ड, चहाचा मग आणि मनीप्लांट एका खोक्यात घालून घरी आले. मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं.

ड्रायव्हरच्या शिक्षेत सूट मागणारा अर्ज मी तयार करून ठेवला होता. त्याला ऑफिसातल्या समितीची मंजुरी लागते आणि ती मागायची राहिली होती. मी रागात होते, मी घाईत होते. मनीप्लांट घेतला, अर्ज ड्रॉवरमध्ये राहिला. सहा आठवड्यांनी त्याला शिक्षा झाली. ज्याच्याविरुद्ध तो बोलला त्याच्यावर आता केसच नव्हती, म्हणून त्याची मदत ही मदत धरली गेली नाही. दहा वर्षं. मी स्वतः सांगणार होते ना, मी तेव्हा ॲन आर्बर शहरात लेकीच्या जवळ घर लावत होते, पडद्यांची मापं घेत होते.

हे मला कळलं ते गेल्या महिन्यात, त्याच्या मुलीच्या पत्राने. हाताने लिहिलेलं पत्र, हल्ली इथे कोण लिहितं. 'मॅम, डॅड म्हणतो तुम्ही प्रामाणिक होता. तो म्हणतो तुम्हांला बहुतेक ठाऊक नसेल.' शिक्षा कमी करावी म्हणून त्याच्या वकिलाने अर्ज केला आहे, आणि त्यासोबत माझं पत्र हवं आहे. मला असं पत्र लिहिता येतं का, ते मी नियम काढून पाहिलं. येतं. अर्जाला पत्र जोडायची मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे.

आता ऐका, मी काय केलं. बसले आणि चार पानं लिहिली. मालक कसा सुटला, वरून म्हणजे कुठून, सही न करता मी कशी उठले, सगळं. लेकीला वाचायला दिलं. ती विद्यापीठात शिकवते, सायकलवरून येते, हेल्मेट न काढताच स्वयंपाकघरात उभं राहून वाचते. चौथं पान संपवून ती म्हणाली, "आई, हे खूप पॉवरफुल आहे. पण यात तो माणूस कुठेय?"

"आहे की. दुसऱ्या पानावर."

"एका सेन्टेन्समध्ये. बाकी सगळं तुझ्याबद्दल आहे. यू वॉन्ट टू विन अगेन्स्ट देम. त्याला घरी यायचंय, यार."

"मला यार म्हणू नकोस."

"बरं, आईसाहेब. पण पहिल्या ओळीत लिही ना, की तू त्याला प्रॉमिस केलं होतंस. दॅट्स इट. तेवढंच."

मी म्हटलं तुला कायद्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, ओके, आणि डब्यातली चकली घेऊन गेली. तेव्हापासून तीन दिवस मी त्या पहिल्या ओळीपाशी बसले आहे. ती लिहिता येत नाही म्हणून हे तुम्हांला लिहितेय. तुमच्यावर रागावणं मला नेहमीच सोपं गेलं.

काल तुमचं पोस्टकार्ड खोक्यातून काढलं. नावं लिहिण्यात तू पहिल्यापासून हुशार होतीस. इतकी वर्षं मी ते शाबासकी म्हणून वाचलं. काल पहिल्यांदा ते तुमच्या आवाजात वाचलं, त्या चष्म्यावरून बघण्याच्या आवाजात, आणि ते शाबासकीसारखं लागेना. पंख्यांवाल्या मुलीचं नाव पुसायला लावलंत ते चूकच होतं. त्यावर मी एक शब्दही मागे घेणार नाही. पण ती गोष्ट मी नेहमी तिथेच थांबवत आले. निरोपाच्या भाषणातसुद्धा फळ्यावर एकच नाव होतं. दुसऱ्या नावाचं कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तेही लिहूनच टाकते. पंख्यांवाली बोलली, मी तिचं नाव लिहिलं. ती म्हणाली, "माझंच का? मी मोठ्या घरातली म्हणून? आणखी कोणी बोलतच नाही का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला पक्षपाती ठरायचं नव्हतं. त्याच्या थोडं आधी मी पहिल्या बाकावरच्या शिपायाच्या मुलीला हळूच विचारलं होतं, "तुझे बाबा घंटा कधी देतात गं?" भूक लागली होती मला. ती म्हणाली, "आत्ता देतील." दोन शब्द. ते तिने मला उत्तर म्हणून दिले, मी विचारलं म्हणून, मी मराठीत विचारलं म्हणून मराठीत. पंख्यांवालीला गप्प करायला मी वळले आणि शिपायाच्या मुलीचं नाव लिहिलं, आणि पुढे नीट, ठसठशीत 'एम' काढला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वहीच्या कोपऱ्याला दुमड घालत बसली. तुम्ही म्हणालात, पहिलं पूस. डस्टर माझ्याच हातात होतं. दुसरं पुसू नकोस असं तुम्ही म्हणाला नव्हतात.

वर्षअखेर तिने शाळा सोडली. कशामुळे ते मला माहीत नाही, मी चौकशी केली नाही. तिचं नाव मला आठवतं, फळ्यावर लिहिलं होतं त्या अक्षरांसकट. इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुमचा पत्ता शाळेमागच्या दफनभूमीतल्या तिसऱ्या रांगेत आहे आणि तिथे टपाल जात नाही. तरी मला उत्तर हवं आहे. तुम्हांला त्या दिवशी दारातून ऐकू आलं होतं का? आधी कोण बोललं ते तुम्हांला माहीत होतं का, आणि माहीत असूनही माझा बिल्ला काढून घेतला नाहीत का? पोस्टकार्डात तेच लिहिलं होतंत का? मोघम नको, देव बघेल असं नको. लेखी कळवा, येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर आलेलं मला चालणार नाही, कारण तोवर मला ड्रायव्हरच्या पत्राची पहिली ओळ लिहावी लागणार आहे, की तो बोलला कारण विचारलं मी होतं.