डिकीतलं अर्थिंग

सोमवार, ४ मार्च

चष्मेवाल्या गिऱ्हाइकाच्या गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवून झाला. नेहमीप्रमाणे गाणं बंद ठेवून हिला पुढच्या सीटवर बसवलं — माझे कान जड झाल्यापासून हिने मान डोलावल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नाही. म्हणाली, "बारीक शिट्टी येतेय हो." मला काहीच नाही! डॉक्टर म्हणालाच होता, बारीक आवाज आधी जातात.

शिट्टी म्हणजे अर्थिंग कच्चं, वायर गाडीच्या पत्र्याला नीट टेकलेली नाही. डिकीतला बोल्ट खोलला, तर खाली रंग तसाच. रंगावरच बोल्ट आवळला होता मी! आपल्याच हाताची लाज वाटली. पत्रा खरवडून चकचकीत केला.

मंगळवार, ५ मार्च

"आहे अजून."

बुधवार, ६ मार्च

वायर आखूड केली. बोल्टची जागा बदलली. गाणं मोठ्याने लावून बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर धरला — नावालाही व्होल्टेज नाही. अर्थिंग पक्कं. गाणं बंद केलं, तर ही म्हणते, "आहे." बरं, अर्थिंगची शिट्टी रेस दिली की चढते. ही म्हणते, "एकसारखी वाजते. रेसचा काही संबंध नाही." म्हणजे आता मला रोगसुद्धा ओळखता येईना.

हिच्यावरच खेकसलो, नीट ऐक म्हणून. "ऐकतेच आहे. तुमचा राग माझ्यावर कशाला?" बरोबर आहे तिचं.

गुरुवार, ७ मार्च

चष्मेवाल्याचा फोन. "काका, गाडीचं एवढं काय चाललंय?" काय सांगू कपाळ! आली तेव्हा धडधाकट होती, मीच बिघडवली.

घास उतरला नाही. कान गेले, आता हातही गेले. मग राहिलं काय माझ्याजवळ? भाच्याला कळवून टाकलं, दुकान तू घे.

ही पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी आहे ना ऐकायला." त्यानेच जास्त रडू आलं.

शुक्रवार, ८ मार्च

सगळं खोलून टाकायचं ठरवलं. आधी बॅटरीची वायर काढली. ही सीटवर बसलेलीच होती, तिला बॉनेटआडचं दिसत नव्हतं. सवयीने विचारलं, "आता?"

डोळे मिटून ऐकत राहिली. "आहे की. तुम्हाला खरंच काही ऐकू येत नाही?"

गाडीत वीजच नव्हती. शिट्टी हिच्या कानात आहे.

म्हणालो, "येते. आता मलाही येते."